उजवीकडचा पडदा

मित्रांनो, मी चौकोनी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला बघितल्यावर लोकांच्या तोंडून पहिलं तेच निघतं. "अरे, असले अजून असतात?" म्हणजे मी एक जुना मॉनिटर. भाईंदरला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या डाव्या हाताला एक लॅपटॉप आहे. तो रुंद आहे, पातळ आहे आणि घरात काय चाललंय हे त्यालाच आधी कळतं. मी उजवीकडचा. मला जेवढं दिलं जातं तेवढंच मी दाखवतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही सगळी भावंडं एका लांब पट्ट्यावर ओळीने उभी होतो. आम्हाला आधी पूर्ण पांढरं व्हायला लावलं, मग लाल, मग हिरवं, मग निळं. एक बाई प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून बघत होत्या. ज्याच्या अंगावर कुठे काळा ठिपका राहिला त्याला पट्ट्यावरून उचलून बाजूला ठेवत होत्या. माझ्यापाशी त्या जेमतेम थांबल्या आणि पुढे गेल्या. शाबासकी म्हणतात ती हीच, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

माझी पहिली नोकरी काशीगावात, हायवेला लागून असलेल्या एका टपरीवजा दुकानात. तिथे खासगी बसची तिकिटं मिळत. बसमधल्या सगळ्या जागांचं चित्र माझ्या अंगावर दिसे. गेलेली जागा लाल, रिकामी हिरवी. दुकानदार मला गर्रकन गिऱ्हाइकाकडे फिरवायचा आणि म्हणायचा, "देख लो चाचा, खिड़कीवाली एकही बची है." मग चाचा त्या खिडकीवर बोट ठेवून खात्री करून घेत. चाचांची सूनही ठेवी. कडेवरचं मूलसुद्धा ठेवी. गणपतीत आणि मे महिन्यात तर अर्ध्या कोकणाची बोटं माझ्यावर उमटत. दुकानदार रोज सकाळी अगरबत्ती लावायच्या आधी मला शर्टाच्या बाहीने पुसायचा आणि चारचौघांत सांगायचा, "इसका दिखता एकदम क्लियर."

मग रुंद पडदे आले. त्यांच्यावर दोन बस शेजारीशेजारी दिसतात, असं ऐकलं. मला माळ्यावर ठेवलं, बंद पडलेला टेबलफॅन आणि दिव्यांच्या गुंतलेल्या माळा यांच्या मध्ये. दिवे निदान दिवाळीला खाली उतरत. मी उतरलो नाही. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधारात मॉनिटरला स्वतःचं असं काही दिसत नसतं.

तिथून मला सुयोगने आणलं. सुयोग भाईंदरजवळच्या मुर्धा गावचा. त्याच्या घरची मिठागरं होती, आता तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने मला उघडलं, आत फुंकर मारली, दोन पार्ट बदलले आणि दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवलं. तिथेच मला रसिकाने बघितलं.

"दादा, हा चालू आहे?"

"चालू हाय ना ताई. जुना हाय, पन खराब न्हाय."

"मला कागद वाचायचे असतात दिवसभर. पूर्ण पान एकदम दिसायला हवं."

"मग हाच न्या. रुंदवाल्यावर पान बसतच न्हाय, दोन्हीकडं मोकली जागा रेते. ह्याच्यावर पान कसं, पाटावर बसल्यासारखं बसतंय."

रसिका हसली आणि मी भाईंदरला आलो. रिक्षात तिने मला मांडीवर घेतलं होतं. प्रत्येक खड्ड्याला तिचा हात माझ्या तोंडावर येई.

आता रसिकाचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. औषधाच्या खोक्यात घड्या घातलेला एक कागद असतो. तुम्ही त्याचं विमान करता, तो. त्यावर औषध किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कोणी घ्यायचं नाही, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तोच मजकूर मराठीतही करतात. मराठी मजकूर इंग्रजीशी तंतोतंत जुळतो की नाही, हे रसिका बघते. आधी ती गोरेगावच्या ऑफिसात बसून बघायची. मग तिचे सासरे पंढरीनाथ यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. जेवण भरवायला, उठवायला, बसवायला घरात कोणीतरी लागायला लागलं. नवरा कौस्तुभ सकाळी डबा घेऊन निघतो तो दिवेलागणीला परततो. तेव्हा रसिकाने घरून काम मागितलं. ऑफिसातल्या ममता मॅडम म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत करून बघ. पण औषधाचं काम आहे, एक आकडा सुटला तरी वरचे मला विचारणार, घरी बसून लक्ष कुठे होतं म्हणून. मग मला तुला परत बोलवावं लागेल." परत बोलावलं असतं तर रसिकाला नोकरी सोडावी लागली असती. बाबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि दिवसभर बाई ठेवणं परवडणारं नव्हतं. हे तिने कौस्तुभला माझ्यासमोरच सांगितलं, लसूण सोलता सोलता.

तिच्या फाइली ऑफिसाबाहेर न्यायला मनाई आहे. म्हणून फाइल घरी येत नाही, रसिका फाइलीकडे जाते. म्हणजे कॉम्प्युटर तिकडे गोरेगावलाच चालू असतो, त्याचं फक्त दिसणं इकडे येतं. तिने इथे माउस हलवला की तिकडचा बाण हलतो. याला ते रिमोट म्हणतात. त्यात एक गंमत आहे. आत शिरण्याआधी उंबऱ्यावरच सांगावं लागतं, पडदे किती नेणार. 'सगळे मॉनिटर' या चौकटीत खूण केली की लॅपटॉप आणि मी, दोघेही ऑफिसचे होतो. डावीकडे इंग्रजी पान, माझ्यावर मराठी पान. खूण काढली की ऑफिस एकट्या लॅपटॉपवर मावतं आणि मी घरचा राहतो. मध्येच मत बदललं तर बाहेर येऊन पुन्हा शिरावं लागतं.

मी घरचाही राहत असे, रोज सकाळी थोडा वेळ. पंढरीनाथांना पुन्हा बोलायला शिकवणारी, भूमिका नावाची मुलगी व्हिडिओवर यायची. फोनवर तिचे ओठ त्यांना नीट दिसत नसत, म्हणून तिला माझ्यावर आणत. मग रसिका लॅपटॉपवर एकटीच ऑफिसात जायची, दोन्ही पानं एकावर एक ठेवून, पत्त्यांसारखी खालीवर करत. आणि तिच्या शेजारी खुर्चीत बसून बाबा माझ्याकडे बघत म्हणायचे, "पा... पा... नी."

"पाणी, काका. टाळूला लावा जीभ," भूमिका सांगायची.

"ला... लाव... लावतोच आहे!" बाबा ओरडायचे. राग आला की शब्द अख्खे बाहेर पडत.

तर मित्रांनो, अशात दसरा आला.

पंढरीनाथांनी आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेलं. दसऱ्याला यंत्र पुसायचं, कुंकू लावायचं, फूल वाहायचं आणि त्या दिवशी त्याला चालवायचं नाही, हा त्यांचा नेम. निवृत्त झाले तरी ते घरातली हत्यारं पाटावर मांडत. त्यांचा जुना पाना, रसिकाची विळी, कात्री, कौस्तुभच्या स्कूटरची चावी. यंदा त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉपकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

"बाबा, याला कुंकवापेक्षा नेट लागतं," कौस्तुभ म्हणाला.

"ह... हत्यार आहे. तिचं."

रसिकाने वाटीत कुंकू कालवलं. "मी लावू का, बाबा?"

"नाही. मी."

त्यांचं डावं बोट वाटीत बुडलं आणि माझ्या चौकटीपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. बोट थरथरत होतं. टिळा चौकटीवर बरोबर मधोमध लागला, पण हात मागे घेताना झटका बसला आणि दोनचार शिंतोडे उडाले. रसिकाने पदराच्या टोकाने मला पुसलं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने पुसलं. मोठे थेंब निघाले. एक राहिला, मोहरीहूनही बारीक. मग माझ्या डोक्यावर झेंडूची माळ आली आणि दिवसभर मला कोणी हात लावला नाही. एवढा मान मला तिकिटांच्या दुकानातही मिळाला नव्हता.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नसेल. आमच्या अंगात मागून उजेड असतो. उजेडापुढे वाळलेलं कुंकू लाल दिसत नाही, काळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी रसिका दोन्ही पडदे घेऊन ऑफिसात शिरली. समोर लहान मुलांच्या तापाच्या सिरपचा कागद आला. इंग्रजीत लिहिलं होतं, एका वेळी अडीच मिलि. मराठी पान टाइप करणाऱ्याच्या हातून दशांशाचा ठिपका गळला होता. तिथे दोनावर पाच, म्हणजे पंचवीस झालं होतं. अडीचच्या जागी पंचवीस. पण ते पान माझ्यावर पूर्ण बसलं तेव्हा ते दोन आणि पाच नेमके त्या वाळलेल्या ठिपक्याच्या दोन बाजूंना आले. २.५. अगदी देखणं दिसत होतं. रसिकाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, ओठ हलवत आकडा वाचला आणि पुढच्या ओळीवर गेली. संध्याकाळी पान छपाईला गेलं.

मला जे दिलं जातं ते मी दाखवतो, असं मी म्हटलं. तो ठिपका मला कोणी दिला नव्हता. तो माझ्यावर पडला होता. बघणाऱ्याला यातला फरक कसा कळणार? आणि मला तर तोंड उघडून बोलायची सोय नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिकाची वेळ होती. मी घरचा झालो, माझ्यावर भूमिका आली, आणि रसिका एकट्या लॅपटॉपवर. ऑफिसातून त्याच सिरपच्या खोक्याचा मजकूर आला होता. तो कागदाशी जुळतो का बघायचं होतं. खोक्यावर होतं २.५. तिने कालचं पान उघडलं. पान लॅपटॉपवर उघडलं आणि तिथे होतं २५.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ऑफिसातल्या रोहितला फोन लावला. तो तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

"रोहित, तापाच्या सिरपची फाइल काल माझ्यानंतर कोणी उघडली का रे?"

"नाही ताई. तुमच्या नावानंतर कोणाचंच नाव नाही. का, भूत वगैरे शिरलं का?"

"काल तिथे ठिपका होता. मी वाचलाय."

"ताई, तुम्ही चहा घ्या बरं आधी."

भूमिका गेल्यावर रसिका ऑफिसातून बाहेर आली, चौकटीत खूण केली आणि दोघांना घेऊन परत शिरली. पान ओढून माझ्यावर आणलं, पूर्ण बसवलं. २.५. परत लॅपटॉपवर नेलं. २५. माझ्यावर. २.५. तिचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. कारखान्यातल्या त्या बाई बघत होत्या तशीच ती बघत होती. मग तिने माउसचं चाक हळूच फिरवलं. सगळी अक्षरं वर सरकली. ठिपका जागेवरच राहिला.

तिने नखाने तो खरवडला. नखात लालसर पूड आली. तिने ती बोटावर चोळून बघितली. कुंकू होतं.

मागे बाबा टॉवेल मांडीवर घेऊन मऊ भाताच्या खिमटीची वाट बघत होते. "क... काय झालं?"

"काही नाही, बाबा. देतेच."

तिने त्यांना खिमटी भरवली. घाई केली नाही, तोंड पुसलं, पाणी दिलं. पण दोनदा चमचा रिकामाच वर नेला. मला वाटतं, तेवढ्यात तिने सगळा हिशोब केला असेल. चूक टाइप करणाऱ्याची होती, पण ती पकडण्यासाठीच तर तिला ठेवलं होतं. गप्प राहिली तर कोणाच्या तरी घरी, कोणीतरी आई, तापलेल्या लेकराला पंचवीस मिलि पाजणार होती. आणि बोलली तर दिवाळीची वाट न बघताच तिला ऑफिसात परत बोलावणार होते. तिने ताट सिंकमध्ये ठेवलं, हात पुसले आणि उभ्यानेच फोन लावला.

"ममता मॅडम, माझ्याकडून एक चूक सुटलीये."

"कुठली?"

"तापाच्या सिरपचं मराठी. अडीचच्या जागी पंचवीस गेलंय."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. मग, "छपाईला गेलं ना ते?"

"हो. परवाच्या... नाही, काल संध्याकाळी."

"लाइनवर थांब."

दुसऱ्या फोनवर मॅडमचा आवाज चढलेला आम्हाला ऐकू येत होता. "भाईसाब, मशीन रोको. नहीं नहीं, वो सब बाद में. पहले रोको, फिर मैं समझाती हूँ." रसिकाने टेबलाची कड धरली होती. त्यामुळे मीही थोडा हलत होतो.

"रसिका? थांबवलं. छपाईची प्लेट बनली होती. आता लावणारच होते मशीनवर." मॅडमनी श्वास सोडला. "तुझ्याकडून कसं सुटलं गं हे? तू तर कुलुपावरच्या नावाचं पण स्पेलिंग तपासशील."

"पडद्यावर ठिपका होता, मॅडम. मला तो दशांश वाटला."

"कसला ठिपका?"

रसिकाने मान वळवली. पंढरीनाथ तिच्याकडेच बघत होते. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि नखाच्या कडेला दसऱ्याचं कुंकू अजून तसंच होतं.

"जुना आहे हो माझा मॉनिटर. त्याचंच काहीतरी."

"उद्या ऑफिसला ये. समोरासमोर बोलू."

दुसऱ्या दिवशी कौस्तुभने रजा घेतली आणि रसिका साडी नेसून निघाली. एरवी ती घरात गाऊनवर ओढणी घेऊन ऑफिसात जाते. मला कोणी चालू केलं नाही. घरात कौस्तुभने बाबांना भात जरा जास्तच मऊ करून घातला, म्हणून त्यांचं वाजलं. बाबा दर थोड्या वेळाने दाराकडे बघत. भूमिकाच्या वेळेला ते सवयीने माझ्यापुढे येऊन बसले आणि काळ्या पडद्याला म्हणाले, "पा... णी." कोणी शाबास म्हटलं नाही.

संध्याकाळी रसिका आली. चप्पल काढली, पर्स माझ्या शेजारी ठेवली आणि बाबांच्या समोरच्या स्टुलावर बसली.

"चि... चिडल्या?"

"चिडल्या. भरपूर. मग चहा मागवला."

"मग?"

"मग म्हणाल्या, ऑफिसात बसून चुकणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण ते फोन करत नाहीत." रसिकाने पदराने कपाळ पुसलं. "घरूनच करायचंय, बाबा. दिवाळीनंतरही. फक्त आता प्रत्येक पान दोन्ही पडद्यांवर वाचायचं. आधी याच्यावर, मग त्याच्यावर. दुप्पट डोळे जातील, जाऊ देत."

कौस्तुभ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं.

पंढरीनाथांनी विचार केला. त्यांना विचार करायला वेळ लागत नाही, तो तोंडापर्यंत आणायला लागतो. "चूक... को... कोणाची होती?"

खरं उत्तर रसिकाच्या तोंडापर्यंत येऊन गेलं असेल की नाही, मला सांगता येणार नाही. तिने हात लांब केला आणि माझ्या डोक्यावर थाप मारली.

"याची. म्हातारा झालाय नुसता. दिसत नाही त्याला."

बाबांनी माझ्याकडे रागाने बघितलं. अख्ख्या आयुष्यात माझ्याकडे इतक्या रागाने कोणी बघितलं नव्हतं. मग ते म्हणाले, अजिबात न अडखळता, "बदलून टाक त्याला."

"बघते," रसिका म्हणाली.

तिने मला बदललं नाही. अजून तरी नाही. जाताजाता एक ओला मऊ फडका आणून मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश पुसलं, तेवढंच.

मित्रांनो, आमची काळजी घेणं फार अवघड नाही. मऊ फडक्याने पुसा, जोरात घासू नका. काम सुरू करण्याआधी एकदा कोरं पांढरं पान उघडून आमच्याकडे बघा, आणि एखाद्या ठिपक्यावर विश्वास ठेवण्याआधी पान थोडं सरकवून बघा. आणि घरातल्या एखाद्या थरथरत्या माणसाला त्याच्या हातून काय घडलं ते कळू द्यायचं नसेल, तर बेधडक आमचं नाव सांगा. आम्ही उलट बोलत नाही, आणि आम्हाला काही दुखत नाही.